आईच्या दंडावर सेन्सर, मी स्टुटगार्टला. रात्री अलार्म वाजला तर दार कोण वाजवणार?

सड्यावरची

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची, देवरुखजवळ आमच्या गावी एकटी राहते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. मधुमेह २२ वर्षांपासून, त्यातली गेली नऊ वर्षं इन्सुलिन. मिक्स्ड घेते, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. मी स्टुटगार्टला, भाऊ बंगळुरूला. फेब्रुवारीत आई पहाटे न्हाणीघरात पडली. शेजारच्या अण्णांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहिली तर ४९. आईला घाम फुटलेला, थरथर झालेली, यातलं काहीच तिला कळलं नव्हतं. नुसती घेरी आली म्हणाली.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दंडावर लावायचा सेन्सर सुचवला. दहाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती, १४ दिवस चालते, दर काही मिनिटांनी आकडा फोनवर येतो. एकाला चार-पाच हजार पडतात, ते आम्ही दोघं भावंडं करतो. भावाने एप्रिलमध्ये येऊन सगळं बसवून दिलं, अण्णांच्या सुनेने सेन्सर बदलायला शिकून घेतलं. आईचा आकडा मला इथे दिसायला लागला, त्या दिवशी मी रडले होते. इतकं जवळ वाटलं.

आता त्या रात्रीचं सांगते. जूनचा शेवटचा आठवडा. तिकडे रात्रीचे २.४०, इथे ११.१०. मी भांडी आवरत होते आणि फोन कर्कश वाजला. आकडा ५२, बाण खाली. आईला फोन केला, उचलेना. पुन्हा केला, पुन्हा तेच. मग अण्णांना उठवलं. अण्णा स्वतः सत्तरीचे. बाहेर पाऊस कोसळत होता, ते टॉर्च घेऊन पाणंदीतून आमच्या पडवीत आले, कडी वाजवली. आतून काही हालचाल नाही. शेवटी मागच्या खिडकीवर काठी आपटली तेव्हा आई उठली, ती घाबरूनच, कुणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून. बोटातून थेंब काढून बघितलं तर ११८! आई डाव्या कुशीवर झोपली होती आणि सेन्सर डाव्याच दंडाला.

त्याच आठवड्यात आणखी दोनदा असंच झालं. अण्णा काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र मला लिहिलं, "बाय माझे, ह्यांना बीपी आहे, रात्रीचे भिजून येतात." काय उत्तर देऊ ते सुचलं नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. मे महिन्यात दुपारी आकडा २५० च्या वर गेला की मी फोन करायची, "आई, आंबा खाल्लास ना?" चार-पाच दिवसांनी ती फोन पडवीत ठेवून मागच्या खोलीत जेवायला बसू लागली. मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती आल्या की फोनला सेन्सर सापडत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच शोधलं. परवा म्हणाली, "ही टिकली काढ. माझ्या घरात मी चोरून खायचं काय?"

काढून टाकू का? न काढता हे नीट कसं चालवायचं? ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी अनुभव लिहावेत. डॉक्टर असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

हिरवी_बोरं

वाचून पोटात कालवलं. काढू नका एवढंच आत्ता म्हणते, सविस्तर रात्री लिहिते.

वैद्यकी

फिजिशियन आहे, रोज असे रुग्ण बघतो. आईंना न तपासता डोसबद्दल काही सांगणार नाही, पण यंत्र कसं चालतं ते सांगतो.

हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्वचेखाली केसासारखा बारीक तंतू असतो, तो पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. साखर वेगाने खाली-वर होत असेल तेव्हा मीटर आणि सेन्सर जुळत नाहीत ते त्यामुळे. आणि झोपेत त्याच दंडावर भार पडला की तिथला रक्तपुरवठा दबतो, आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलली की वर. आलेख पाहा, सरळ चाललेली रेघ एकदम खड्ड्यात पडते आणि तशीच एकदम वर येते. खरी साखर उतरते तेव्हा आधी उतार दिसतो. आई ज्या कुशीवर झोपतात त्याच्या विरुद्ध दंडाला पुढचा सेन्सर लावा, निम्मा त्रास इथेच संपेल.

पण फेब्रुवारीतले ४९ मीटरवरचे होते, ते खरे. २२ वर्षांच्या मधुमेहात साखर उतरल्याची लक्षणं कळेनाशी होऊ शकतात. धडधड, थरथर शरीर कमी दाखवतं, दाखवलं तरी माणसाला जाणवत नाही. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ती लक्षणं आणखी झाकली जातात, घाम तेवढा येतो. आईंच्या गोळ्यांची नावं एकदा बघून घ्या. अशा माणसाला या सेन्सरचा सगळ्यात जास्त उपयोग असतो, म्हणून काढू नका.

आणखी एक. सर्वसाधारण मधुमेहींसाठी दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ साखर ७० ते १८० मध्ये असावी असं धरतात. वय झालेल्या, पडण्याचा धोका असलेल्या माणसाला ५० टक्क्यांहून जास्त असली तरी पुरे. त्यांच्या बाबतीत कडक नियम खालच्या बाजूचा: ७० च्या खाली एक टक्क्याहूनही कमी वेळ. म्हणजे दिवसाची जेमतेम पंधरा मिनिटं. मुलं मात्र नेमकी वरच्या आकड्यामागे लागतात. आंब्यानंतरच्या २५० ने आई त्या रात्री पडणार नाहीत, पहाटेच्या ४९ ने पडल्या. मीटरवर पडताळलेला खरा अलार्म वारंवार वाजत असेल तर अलार्मशी खेळू नका, १४ दिवसांचा आलेख घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस चुकतोय.

तारायंत्र

मी उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डॉक्टरांनी शरीराचं सांगितलं, मी वाटेचं सांगतो.

आईच्या दंडापासून तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत आकडा चार उड्या मारतो. सेन्सर ते आईचा फोन, हे ब्लूटूथ, मोकळ्या जागेत सहाएक मीटर, चिऱ्याच्या भिंतीत त्याहून कमी. मग फोन ते इंटरनेट. मग कंपनीचा सर्व्हर. मग तुमचा फोन. यातली पहिली उडी इंटरनेटशिवाय चालते. म्हणजे पावसात लाईट गेली, टॉवर झोपला, तरी आईच्या उशाशी फोन असेल तर तिथला अलार्म वाजणारच. तुम्हाला मात्र काही कळणार नाही. आणि स्क्रीन गप्प आहे म्हणजे आई ठीक आहे असं तुम्ही धरून चालाल. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. शेवटचा आकडा किती वाजताचा आहे, हे आकड्याच्या आधी बघायची सवय लावा.

आईंचा फोन मोठ्या आवाजावर, उशापासून हातभर अंतरावर. बॅटरी वाचवणारी सेटिंग त्या ॲपपुरती बंद करा, नाहीतर अँड्रॉइड रात्री ॲपलाच झोपवतं. "व्यत्यय नको" या सेटिंगमधून त्याला वगळा. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा, वीज गेल्यावर काही तास निघतात.

दुपारच्या जेवणाचं: सेन्सर आठेक तासांचे आकडे स्वतःजवळ साठवतो. आई फोनजवळ परत आल्या की मागचं सगळं भरून येतं. तुम्हाला ते दिसतच असणार.

सड्यावरची

हो, दिसतं. तिला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

हिरवी_बोरं

आधी तेवढंच तिला सांगा. आजच.

माझ्या वडिलांच्या खोलीत आम्ही कॅमेरा लावला होता, पडण्याच्या भीतीने. त्यांनी एक दिवस त्यावर पंचा टाकला. आम्ही काढायला लावला, त्यांनी पुन्हा टाकला. ते एकोणनव्वद वर्षांचे, तालुक्याच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि आम्ही त्यांच्याशी पंचावरून भांडत होतो. ते गेल्यावर मला त्या भांडणाचं जितकं वाईट वाटलं तितकं कशाचंच नाही.

शरीर आईचं, आकडाही आईचाच. कोणी काय बघायचं हे तिला ठरवू द्या. डिजिटल वैयक्तिक माहितीसाठी २०२३ मध्ये कायदा झाला, त्यातही ज्याची माहिती त्याची संमती हाच पाया आहे. कंपनीने संमती घ्यायची आणि लेकीने नाही, असं कसं? मी असं सुचवेन: वरचा आकडा तुमच्या फोनवर वाजणारच नाही असं करा. तो आई आणि डॉक्टर यांच्यात राहू दे. तुम्ही फक्त खालचा. आणि आंब्याच्या दिवसात फोन केलात तर आंब्याबद्दल बोला, कुठल्या झाडाचा, यंदा मोहोर कसा होता. साखर नको.

पाऊलवाट

धाग्यात घुसतो, माफ करा. वडिलांना ईसीजी काढणारं घड्याळ घेऊन देतोय, वय ६८, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. घड्याळ असलं म्हणजे अटॅकचं आधी कळेल ना?

वैद्यकी

पाऊलवाट, नाही. कृपया हे घरात सगळ्यांना सांगा. घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघतो, दवाखान्यातला बारा लीडचा. ठोक्यांची लय बिघडली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असलं, तर घड्याळ ते पकडू शकतं आणि त्याचा खरा फायदा आहे, कारण त्यातून लकवा होण्याचा धोका असतो. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ लाख १९ हजारांवर माणसं होती, त्यातल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांनाच अनियमित नाडीची सूचना आली. हार्ट अटॅक मात्र घड्याळाला कळत नाही. छातीत दुखलं, जबड्यात-हातात कळ गेली, दरदरून घाम आला, तर घड्याळ काहीही म्हणो, थेट हॉस्पिटल गाठायचं. "ईसीजी नॉर्मल दाखवतंय" म्हणून सकाळपर्यंत थांबलेले लोक मी पाहिले आहेत.

माळवा६१

इंदूरहून लिहितो. माझ्या हृदयाची पंपिंग ३० टक्के. दोन वर्षांत तीनदा भरती झालो होतो, दर वेळी तेच, श्वास लागतो, पाय सुजतात, पाणी काढतात, घरी पाठवतात. मुलाने मनगटावर पट्टा बांधला, झोप, पावलं, ठोके सगळं मोजायचा. कामाला आला तो साधा वजनकाटा.

रोज सकाळी शौचाला जाऊन आलो की, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत काट्यावर उभा राहतो. आकडा कॅलेंडरवर लिहितो आणि दवाखान्यातल्या सिस्टरला व्हॉट्सॲपवर टाकतो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नव्हे, पाणी आहे. मार्चमध्ये पुतणीच्या लग्नात पापड, लोणचं, कढी झाली. ६७.४ चा ६९.३ झालो. मला काही त्रास नव्हता, मी जिना चढत होतो. सिस्टरचा सकाळी नऊला फोन, "काका, डॉक्टरांनी पाणी काढायची गोळी तीन दिवस वाढवायला सांगितलीय, मीठ बंद, गुरुवारी रक्त तपासायला या." तीन दिवसांत ६७.६. या वेळी भरती झालो नाही.

एकदा मी वजन पाठवायला विसरलो तर साडेदहाला तिचाच फोन आला. माझ्याकडे काटा पूर्वीही होता, सड्यावरचीताई. तेव्हा पलीकडे ती नव्हती.

गटप्रवर्तक_लातूर

माळवाकाकांच्या शेवटच्या वाक्याला हात जोडून अनुमोदन. २०२० च्या सप्टेंबरात, कोरोनात, "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" सुरू झालं तेव्हा माझ्या आशाताई घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होत्या. पुढे दुसऱ्या लाटेत घरीच विलगीकरणात असलेल्यांना रोज दोनदा फोन. आकडा किती, आता सहा मिनिटं चालून परत सांगा. ९४ च्या खाली आला की हलवायचं. एका आजीचा ८६ दाखवत होता आणि त्या भांडी घासत होत्या. आशाताईला काही पटेना. नंतर लक्षात आलं, नातीच्या साखरपुड्याची मेंदी बोटांवर होती. ज्या बोटाला मेंदी नव्हती तिथे, हात पुसून, चोळून गरम करून लावला तर ९६. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून किती शोषला गेला ते बघतो, रंग मध्ये आला की फसू शकतो. सावळ्या कातडीवर तो कधीकधी जास्तीचा आकडा दाखवतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि माझ्या भागात सावळीच माणसं.

सांगायचं एवढंच की आशाताईने आजींना समोर बघितलं होतं म्हणून तिला तो आकडा खटकला. नुसता कागदावर आला असता तर ॲम्ब्युलन्स निघाली असती, आणि त्या दिवसांत तीच ॲम्ब्युलन्स दुसऱ्या कुणाला मिळाली नसती.

ताई, अण्णांचं वय बघता ते एकटे पुरणार नाहीत. तीन माणसं ठरवा, पाळीने. गावच्या आशाताईशी एकदा बोला. रात्री उठणं तिचं काम नव्हे, पण कुठल्या घरातला कोण रात्री उठेल हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

वैद्यकी

वरच्या दोघांनी जे लिहिलं ते अभ्यासांतही दिसतं, म्हणून पुन्हा लिहितो. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची पंपिंग कमी पडणाऱ्या, १,६५३ रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, निष्कर्ष २०१० मध्ये आले. रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोनयंत्रणेला वजन आणि लक्षणं सांगायची. नेहमीच्या उपचारांपेक्षा काडीचा फरक पडला नाही. बऱ्याच लोकांनी तर मध्येच फोन करणं सोडलं. २०१८ मध्ये जर्मनीतल्या १,५७१ रुग्णांचा अभ्यास आला. तिथेही वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन घरूनच जायचं, पण ते बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या केंद्रात जायचं, जिथे रात्रंदिवस डॉक्टर आणि नर्स बसलेले. दर शंभर रुग्णांमागे वर्षाला मृत्यू साधारण ११ वरून ८ च्या खाली आले. दोन्ही अभ्यासांत रुग्ण निराळे, उपकरणं निराळी, त्यामुळे सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही. तरी माझा कल स्पष्ट आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर अर्धे यंत्रावर करा आणि अर्धे ते बघणाऱ्या माणसावर.

सड्यावरची

सगळ्यांचे किती आभार मानू. तीन आठवड्यांनी येते आहे, काय काय केलं ते लिहिते.

आईला आधी खरं सांगितलं, की फोन पडवीत ठेवलास तरी मागाहून मला सगळं दिसत होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग विचारलं का नाहीस?" मी म्हटलं, धीर झाला नाही. वरच्या आकड्याचा अलार्म माझ्या फोनवर बंद केला, तिला स्क्रीन दाखवून, व्हिडिओ कॉलवर. सेन्सर आता उजव्या दंडाला आहे. रात्रीचे खोटे अलार्म थांबले, एकदाच वाजला.

तो खरा होता. आषाढी एकादशी. आईने उपास धरला, वऱ्याचे तांदूळ दुपारी खाल्ले, रात्री नुसतं दूध, आणि इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच टोचलं. रात्री पावणेएकला ६१, बाण तिरका खाली, आणि डॉक्टर म्हणाले होते तसा आधीपासून उतार. आईचा फोन उशाशी होता, अलार्मने तीच उठली. माझा फोन तिने उचलला तेव्हा ती आधीच साखरपाणी पीत होती. मी ओळीवर थांबले. पंधरा मिनिटांनी बोटातून बघितलं, ७९. मग दोन बिस्किटं खाल्ली. एकादशीला बिस्किटं खावी लागली म्हणून हळहळत होती, मी म्हटलं विठोबाला मी सांगते.

दुसऱ्या दिवशी भावाने आलेख डॉक्टरांना पाठवला. रात्रीचा डोस कमी झाला आहे, आणि उपासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला आहे. चातुर्मासातल्या एकादश्यांना लाल गोल करून तो कागद देवघराच्या भिंतीला लावला आहे.

माणसं तीन ठरली. अण्णा पहाटे पाचनंतर, कारण ते तेव्हा उठतातच. रात्रीसाठी त्यांची सून आणि खालच्या वाडीतला रिक्षावाला दादा, ज्याच्याकडे गाडी आहे. किल्लीचा एक जोड सुनेकडे. आधी आईच्या फोनवर दोनदा रिंग द्यायची, मगच त्यांना उठवायचं, असं ठरलं. काकूंना मी फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, तसं काही मनात धरू नकोस, ह्यांना खोकला झाला होता म्हणून बोलले.

एक विचारायचं राहिलं. आई शुद्धीवरच नसेल तर सुनेने काय करायचं? ती हे विचारते आहे आणि मला नीट सांगता आलं नाही.

गटप्रवर्तक_लातूर

तिला असं सांगा. आई बोलत असतील, गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून परत मोजायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्यायचं. शुद्धीवर नसतील तर तोंडात काही म्हणजे काहीही घालायचं नाही, साखरपाणी श्वासनळीत जातं. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, आणि फोनवर पहिल्यांदा "इन्सुलिन घेणारी बाई, साखर उतरली आहे" हे सांगायचं. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी ठेवायचं का हे डॉक्टरांना विचारा. मिळालं तर टोचायला सुनेलाच शिकवा, ती सेन्सर लावते म्हणजे तिचा हात धीट आहे.

सड्यावरची

तिला आत्ताच वाचून दाखवलं. तिने १०८ आणि ते वाक्य लिहून फ्रिजवर लावलं आहे, फोटो पाठवला. उद्या सेन्सरचा चौदावा दिवस, सकाळी ती येणार आहे.